सहा वाव पाणी

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. 'डोहात जीवसृष्टी नाही, तळाशी मृत गाळ, खोली तीन मीटर' असं लिहून खाली सही ठोकलीत, आणि त्या सहीच्या जोरावर आज काठावर दगडांचे ट्रक उभे आहेत. डोह बुजवायचा, वर फरशी घालायची आणि गाड्या लावायच्या. गाडी लावायला जागा लागते हे मला मान्य आहे. पण ज्या पाण्यात तुम्ही कधी पायाचं बोटसुद्धा बुडवलं नाही, त्याच्या तळाशी काय नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी कपडे शिवते. शाळा अर्ध्यावर सुटली, म्हणून तुमचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं. माझं तुम्हाला एकदाच वाचून कळेल.

तो डोह माझ्या आत्याचा. कागदावर नाही, हातावर. तलाव जिथे वळतो तिथे उभ्या कड्याखाली काळं पाणी आहे. तिथे आत्या गळ टाकून मासे धरते. तिच्या आधी तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा धरायचे. आमच्या घरात दोन बायका आणि एक होडी. चूल पेटते ती त्या डोहावर आणि थोडीफार माझ्या शिलाई मशीनवर. डोह गेला तर आत्या काय करेल हे मी तिला विचारलेलं नाही. विचारण्यासारखं नाही ते.

पहिल्यांदा आम्ही तुमच्या खोलीत आलो ते तुम्हाला आठवत असेलच.

"मासे आहेत म्हणता, तर दाखवा," तुम्ही म्हणालात.

आत्याने पिशवीत हात घातला आणि सकाळचा मासा काढून तुमच्या टेबलावर ठेवला.

"हा बाजारातून आणला नाही कशावरून?"

"बाजारातला शेपूट हलवत नाही, साहेब," आत्या म्हणाली. तेवढ्यात माशाने शेपूट हलवलं आणि तुमचा चहा सांडला. त्याबद्दल मी तेव्हाच माफी मागितली होती. आता परत घेते.

मग टेबल पुसत तुम्ही म्हणालात, "पाण्याखालचं चित्र आणा. तळाचं. आणि ते किती खोलीवर घेतलं हे त्या चित्रातच दिसलं पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही हौदातला मासा आणून दाखवेल. तोवर ट्रक थांबवतो. डोह किती खोल म्हणता तुम्ही?"

"सहा वाव."

"मीटरमध्ये सांगा."

"मला वावच येतात. हे बघा, हे एक," म्हणून आत्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि तुमच्या कारकुनाचा चष्मा पाडला. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. तिच्या होडीत डांबर लावलेला जुना दोर आहे, त्याला दर वावावर एक गाठ आहे. सहा गाठी सोडल्या की टोकाचं शिसं तळाला टेकतं. सगळं आयुष्य तिला एवढं पुरलं.

माझ्या गळ्यात टेप असतेच. मी तिथेच तिचं माप घेतलं. दीड मीटरची टेप, या बोटापासून त्या बोटापर्यंत तंतोतंत. सहा वेळा दीड म्हणजे नऊ. 'डोहाची खोली नऊ मीटर' हे मी तुमच्यासमोर अर्जात लिहिलं. माझ्या हातच्या मापाचा ब्लाउज कधी कुणी परत आणलेला नाही. पण त्या दिवशी मी माप चुकीच्या माणसाचं घेतलं होतं. ते पुढे येईल.

कॅमेरा घ्यायला आत्याने होडीचं इंजिन विकलं. "वल्हं आहे ना अजून," एवढंच म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

दुकान काचेचं, आत गार हवा. दुकानदार जाडजूड, गोड बोलणारा. त्याने आधी मोबाईल घालायची प्लास्टिकची पिशवी दाखवली. ती मी हातात घेऊन शिवण बघितली आणि परत ठेवली. असली शिवण मी उशीच्या अभ्र्यालासुद्धा घालत नाही. मग त्याने एक देखणा काळा कॅमेरा काढला.

"वॉटरप्रूफ!"

"किती?"

"किती म्हणजे? पावसात बिनधास्त वापरा."

"अहो, पाऊस त्याच्यावर पडायचा नाहीये. त्याला पाण्यात पडायचंय."

त्याने खोक्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलेलं वाचून दाखवलं. शिंतोडे चालतील, बुडवू नये. आत्या म्हणाली, "म्हणजे हा नुसता छत्रीतला जावई. दुसरा दाखवा."

दुसरा काडेपेटीच्या आकाराचा, उड्या मारणाऱ्या पोरांच्या हेल्मेटवर लावतात तसला. खोल जायचा, पण त्याला स्वतःचा दिवा नव्हता आणि खोली किती ते तो सांगत नव्हता. तिसरा आणखी जाड, वीस मीटरपर्यंत जाणारा, दिव्यासकट. तो आत्याने हातात धरला तो सोडेचना. वजन तिला आवडलं. "शिशासारखा आहे गं," म्हणाली. पण खोलीचा आकडा त्यातही उमटत नव्हता. तुम्हाला तर आकडा चित्रातच हवा होता.

आकडा उमटवणारा दुकानात एकच होता. बुटका, नारिंगी, भिंगाभोवती दिव्याचं कडं, बॅटरीच्या झाकणाला दोन खटके, आणि चित्राच्या कोपऱ्यात खोली आपोआप लिहिली जायची. मर्यादा दहा मीटर.

"तुमचं पाणी किती?" दुकानदाराने विचारलं.

"नऊ."

त्याने तोंड वाकडं केलं. "एकच मीटर हातात राहतो, बाई."

"एक मीटर पुष्कळ झाला," आत्या म्हणाली. "माणूस अर्ध्यातच बुडतो."

म्हणजे निवड अशी होती, साहेब. एक कॅमेरा निश्चिंत तळापर्यंत जाणारा, पण तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. दुसरा तुम्हाला पटणारा, पण जेमतेम पोचणारा. आम्ही तुम्हाला पटणारा घेतला. आयुष्यात खरेदीत एवढा मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही.

"ह्याच्याबरोबर हा फोमचा पट्टा घ्या," दुकानदार म्हणाला. "हातातून सुटला तरी तरंगतो. बुडणार नाही ह्याची गॅरंटी."

"आम्हाला बुडवायचाच आहे!"

"बरं. आणि जे दिसतंय ते सगळं मोबाईलवर बघता येतं, तिथल्या तिथे."

"पाण्याखालून?"

"नाही. पाण्याखालून नाही. पाण्यातून ते येत नाही वर. आधी काढायचा, मग बघायचा."

"गळासारखंच की," आत्या म्हणाली आणि तिचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. जे काम ती जन्मभर करत आली तेच होतं. आंधळेपणाने सोडायचं, थांबायचं, ओढायचं.

निघताना मात्र दुकानदाराने एक खरी गोष्ट सांगितली. झाकणाच्या आत रबराचं कडं असतं, त्यावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही होडी काढली तेव्हा आत्याने मला डोक्याला फडकं गच्च बांधायला लावलं. "तुझे केस गळतात, आमटीतसुद्धा असतात," म्हणाली. मी रात्रीच कॅनव्हासची झोळी शिवून ठेवली होती, कॅमेरा तिच्यात आडवा बसेल, भिंग बाहेर राहील अशी. खाली शिशाचा गोळा, वर दोर.

आत्या वल्हवत होती. इंजिनाची सवय गेलेली नव्हती, मधेच तिचा हात मागे दोरी ओढायला जायचा आणि रिकामाच परत यायचा.

डोहाच्या मध्यावर आलो तसं पाणी काळं झालं. मी कॅमेरा सुरू केला आणि आत्याने दोर सोडला. गाठी तिच्या तळव्यातून जात होत्या आणि ती हलक्या आवाजात मोजत होती. सहावी गाठ गेली आणि दोर सैल पडला.

"टेकला."

आम्ही बसून राहिलो. कड्याची सावली होडीवर होती. दोर आत्याच्या बोटांत होता आणि ती त्याच्याकडे असं बघत होती जसं वैद्य नाडी धरून बघतो. मग एकदम तिची बोटं ताठ झाली.

"कुणीतरी हात लावला."

"मासा?"

"मासा ओढतो. ह्याने हात लावला."

ओढून वर काढला तेव्हा भिंगाच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. काच रडल्यासारखी दिसत होती. मला धसका बसला. पण मागचा पडदा अजून जिवंत होता. उजेडात काही दिसेना, म्हणून रेनकोट दोघींच्या डोक्यावर घेतला, आणि त्या अंधारात आम्ही दोघी एकमेकींच्या गालाला गाल लावून बघायला लागलो.

हे तुम्हीही नंतर बघितलंत, साहेब. पण तुम्ही खुर्चीत बसून बघितलंत. आम्ही ज्या पाण्यात बघत होतो त्याच पाण्यावर डुलत होतो.

आधी हिरवं. नुसतं हिरवं, आणि त्यातून कसले कसले कण खाली चाललेले, इतके हळू की जणू त्यांना कुठेच पोचायचं नव्हतं. मग हिरव्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं काळं, आणि दिव्याचं कडं आपल्यापुरता एक गोल उजेड घेऊन खाली उतरत राहिलं. एका बाजूला कड्याची भिंत लागली. वर जो कडा आम्ही बघतो तो पाण्यात तसाच खाली जातो, सरळ, भेगांसकट. भेगांमध्ये छोटे मासे उभे होते, एकेका भेगेत एकेक, चाळीतल्या दारात माणसं उभी राहतात तसे. उजेड आला की डोळे चमकायचे, गेला की विझायचे.

कोपऱ्यातला आकडा वाढत होता. आठ. नऊ.

"आता तळ," मी म्हणाले.

आला नाही. दहा. आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला. अकरा.

"सहाच गाठी सोडल्या मी," आत्या म्हणाली. "सहाच."

साडेअकराला तळ आला. गाळ नव्हता तो. दगड होता, स्वच्छ, आणि त्या दगडात आमचं घर पडलेलं होतं. दुसरं काय म्हणू? आजवर तुटलेले सगळे गळ तिथे होते. गंजून लाल झालेले, दोऱ्यांचे गुंते, शिशाचे गोळे. एक गोळा पेरूएवढा, मधे बोटाने दाबलेला खळगा.

"बाबा असाच दाबायचे," आत्या म्हणाली. "शिसं गरम असताना. चिमट्याने दाब म्हणायची आई, तर ऐकायचे नाहीत."

तो खळगा आम्ही बघत होतो आणि त्याच्या मागचा दगड हलला.

आमच्या घरात त्या माशाला मामंजी म्हणतात. आत्याने ठेवलेलं नाव. ती लग्न करून गेली होती तिथे सासरा होता, लांब मिशांचा, कधी बोलायचा नाही, यायचा, काहीतरी मोडायचा आणि जायचा. ती सासर सोडून परत आली आणि डोहात तिला दुसरा तसाच भेटला. गळाला लागायचा, होडी फिरवायचा, दोरी तोडायचा आणि जायचा. कधी कुणी बघितला नाही. गावात लोक हसायचे, म्हणायचे हिचा गळ ओंडक्यात अडकतो.

ओंडका नव्हता. आत्याएवढा लांब होता तो. तोंड माझ्या शिलाई मशीनएवढं रुंद, आणि मिशा, साहेब, त्या मिशा आधी आल्या. अंधारातून उजेडाच्या गोलात दोन लांब मिशा हळूहळू आल्या, दगड चाचपत, गळ चाचपत. मग डोकं आलं. त्याच्या ओठात एक गळ रुतलेला होता आणि गळाला निळ्या दोरीचा तुकडा.

"माझा आहे," आत्या पुटपुटली. "अगं, तो माझा आहे. गेल्या वर्षीचा."

त्याच्या पोटाखाली कपारीत काहीतरी पिवळं होतं. मला आधी वाळू वाटली. नीट बघितलं तर दाणे होते, हजारो, प्रत्येकात एक काळा ठिपका, आणि प्रत्येक ठिपका थरथरत होता. तो त्यांच्यावर परांनी वारा घालत होता. सावकाश, न थांबता. शिलाई मशीनच्या पायडलवर माझा पाय चालतो तसा, विचार न करता. आमचा दिवा त्याच्या डोळ्यांत घुसत होता तरी तो तिथून हलला नाही.

"बाप आहे," आत्या म्हणाली. "ह्यांच्यात अंड्यांवर बाप बसतो. बाबांनी सांगितलं होतं. मला वाटलं थट्टा करतायत."

मग तो पुढे झाला. वारा घालायचा थांबला नाही, फक्त मान पुढे केली, आणि त्याची एक मिशी भिंगावर आली. काचेवरून ती फिरली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी अलगद. आंधळा माणूस ओळख पटवायला तोंडावरून हात फिरवतो ना, तशी. रेनकोटखाली आम्ही दोघींनी एकदम मान मागे घेतली आणि आमची डोकी एकमेकींवर आपटली. हसू आलं नाही. आत्याचा हात तिच्या स्वतःच्या ओठावर गेला, जिथे त्याच्या ओठात गळ होता तिथे, आणि तिथेच राहिला.

पडदा एकदा निळा झाला आणि विझला. कॅमेरा मेला. पाणी शिरलं होतं. केस नव्हता अडकलेला, मी नंतर बघितलं. दहा मीटरचं सामान साडेअकरावर गेलं होतं. पण आतलं कार्ड कोरडं होतं.

काठाला लागल्यावर आत्याने गळांची पेटी उचलली, एकेक गळ हातात घेऊन बघितला आणि पेटी बंद करून मला दिली. "अंडी फुटेपर्यंत डोहात गळ नाही टाकायचा," म्हणाली. "उथळात बसू. अर्धपोटी राहू."

तुमच्या कार्यालयात असा नियम करायला किती बैठका लागतात?

कार्ड घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो. तुम्ही ते तुमच्या मोठ्या पडद्यावर लावलंत. मी पडद्याकडे बघत नव्हते, साहेब, मी तुमच्याकडे बघत होते. भिंत आली तेव्हा तुमचं पेन थांबलं. मिशा आल्या तेव्हा तुम्ही कारकुनाला हातानेच गप्प केलंत. आणि मिशी भिंगावर आली तेव्हा तुम्ही मान मागे घेतलीत. खुर्ची सरकली, आवाज झाला. मग तुम्ही ते मागे नेऊन पुन्हा लावलंत. आणि पुन्हा. फोन वाजला, तुम्ही उचलला नाहीत. मला वाटलं, संपलं आमचं काम. ज्याने हे बघितलं तो दगड कसा टाकेल?

मग तुम्ही घसा खाकरलात आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलंत.

"आमच्या नकाशात तीन मीटर. तुमच्या अर्जात नऊ. ह्याच्यात साडेअकरा. हे कुठलं पाणी आहे?"

"तेच," आत्या म्हणाली.

"नऊ तुम्हीच लिहून दिलंत. आणि हा कॅमेरा दहाच्या खाली चालतच नाही असं त्याच्या खोक्यावर लिहिलंय. म्हणजे एकतर हा आकडा चूक, नाहीतर हा डोह दुसरा. पुरावा ग्राह्य धरता येणार नाही. सोमवारी काम सुरू."

मलाही वाटत होतं की कॅमेरा चुकला.

बाहेर आल्यावर आत्या तुमच्या व्हरांड्यात खाली बसली. दोर तिच्या खांद्यावर होता, ती तो कुठे सोडत नाही. मी तो फरशीवर सरळ पसरला आणि दोन गाठींमधल्या अंतरावर टेप ठेवली. टेप संपली, गाठ आली नाही. पुढे हातभर दोर उरला. दुसऱ्या गाठींमध्येही तेवढाच. सगळ्यांमध्ये तेवढाच.

"आत्या, ह्या गाठी कुणी मारल्या?"

"बाबांनी. मी तर फक्त डांबर लावते."

मग फरशीवर दोराशेजारी ती आडवी झाली, तुमच्या व्हरांड्यात, जाणारे येणारे बघत असताना. तिने दोन्ही हात पसरले. एक बोट एका गाठीवर टेकवलं. दुसरा हात जितका ताणता येईल तितका ताणला. पोचला नाही. ती तशीच पडून त्या उरलेल्या दोराकडे बघत राहिली.

"केवढे हात होते गं त्यांचे," ती म्हणाली. "मी विसरले होते."

आजोबा उंच होते. इतके की आमच्या घराच्या चौकटीला त्यांचं कपाळ लागायचं. ते जाऊन किती वर्षं झाली, त्यांचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. पण त्यांचे पसरलेले हात त्या दोरात सहा वेळा बांधलेले आहेत, आणि रोज डोहात उतरून तळाला टेकून येत होते. मी आत्याचे हात मोजले. मोजायचे होते ते आजोबांचे. चूक माझी, पाण्याची नाही आणि माशाची तर नाहीच.

मी तिथल्या तिथे मोजलं. सहा वाव, आजोबांचे. साडेअकरा मीटर.

दोर गोळा करून तुमच्या दारावर आले तर शिपाई म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. दुसऱ्या दिवशीही बैठकीत. म्हणून हे लिहून तुमच्या टेबलावर पाठवतेय आणि एक प्रत तुमच्या दाराबाहेर चिकटवतेय, येणाऱ्या जाणाऱ्यांनी वाचावं म्हणून. दोर आमच्याकडे आहे. टेप माझ्या गळ्यात आहे. होडीत तिघांना जागा आहे. इंजिन नाही, पण आत्या वल्हवते. सोमवारच्या आत या आणि स्वतः मोजा. येणार नसाल तर दगड टाकण्याआधी मला एवढ्याच गोष्टीचं उत्तर लेखी द्या, खाली सही करून, जशी त्या खोट्यावर केलीत तशी.

तळाशी काही नाही ना, साहेब? मग ती मिशी पुढे आली तेव्हा तुम्ही मान मागे का घेतलीत?